जादूच्या भावाची वही

१

घासाघीस करणाऱ्या माणसाचा मला राग नाही. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवते आहे. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आलं की मीच त्याला पाणी विचारते, तब्येत बरी नाही का म्हणून. पण जी वस्तू जगातच नाही तिच्या भावावरून तासभर डोकं खाणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला.

घरात आम्ही त्यांना तागडी म्हणतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं खिळे मोजून ते निवृत्त झाले, पण त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही.

दर रविवारी दुपारी माझी नात ठमी दुकानामागच्या खोलीत माझं कटिंगचं टेबल रिकामं करते आणि त्यावर तिचा खेळ मांडते. फासे, कागद आणि बडबड, एवढंच सामान. ठमी गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तागडी, म्हणजे तिचे धाकटे आजोबा, मांत्रिक होतात. समोरच्या गल्लीतल्या इस्पितळातली नर्स वैदीण होते; आठवडाभर लोकांना बरं करून पोरीचं मन भरत नाही. माणूस कमी पडलं तर मला पहारेकरी करतात. मी कुणालाच आत सोडत नाही, मग खेळ तिथंच अडतो.

या खेळात मांत्रिकाला कारागिराकडून हवी तशी वस्तू घडवून घेता येते. आगीची काठी, उडवणारी टोपी, काय वाट्टेल ते. तिचा भाव ठमी ठरवते आणि मग तागडींची रेकॉर्ड लागते. "सहाशे मोहरा? अगं, काठी साध्या लाकडाची आहे! मूठ नको मला, मुठीचे कमी कर."

चुका काढण्यातही ते तसेच. ठमीनं सोळाव्या वर्षी पहिला खेळ रचला, हातानं नकाशा काढला. तागडींनी सगळ्यांसमोर त्यातल्या अकरा चुका वाचून दाखवल्या. पोरीनं नकाशा फाडला आणि वर्षभर फाशांना हात लावला नाही. तेव्हा मी दिरांना बजावलं होतं, "पुन्हा पोरीची चूक काढलीत तर या टेबलाशी तुमची खुर्ची राहणार नाही."

त्या रविवारी मी पुढं दुकानात बसले होते. मागची खोली इतकी शांत होती की एका कोटाचं अस्तर मी एका बैठकीत लावून टाकलं. साडेतीनला चहासाठी खेळ थांबला. चारला ठमीनं टेबलाचा खण उघडला आणि अशी किंचाळली की माझ्या बोटात सुई गेली.

तिची वही खणात नव्हती.

२

ती वही म्हणजे चारशे पानांचं बाड होतं. मांत्रिकांनी मागितलेली प्रत्येक वस्तू, तिचा भाव, आणि तो भाव का, हे सगळं त्यात. तीन वर्षांचं काम. मधे चिठ्ठ्या खुपसून खुपसून वही अशी फुगली होती की माझ्याकडच्या कापडाच्या काठाची एक पट्टी बांधून ती मिटवावी लागे.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

"फोनमध्ये पाच पानांचे फोटो आहेत, आजी. पाच!"

सोमवारी सकाळी अकराला खेळ छापणाऱ्या एक बाई यायच्या होत्या. त्यांना असे भाव ठरवणारं माणूस कामाला हवं होतं, आणि वही बघितल्याशिवाय त्या बोलणार नव्हत्या. ठमीच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, ओळखीनं एका कचेरीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिथं सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. म्हणजे वही नसली तर पोर मंगळवारपासून दुसऱ्याच्या फायलींना नंबर टाकत बसणार. फायलींना नंबर टाकणं वाईट नाही. पण ज्याला जे येतं ते त्याच्या हातून काढून घेऊ नये. माझ्या बापानं तिसरीनंतर माझं दप्तर काढून घेतलं होतं, म्हणून मला ते नेमकं ठाऊक आहे.

"रडणं थांबव आणि बाजूला हो," मी म्हटलं. "मला खण बघू दे."

खणात नेहमीचा पसारा होता. बटणं, टेप, फुटका निळा खडू आणि त्याची भुकटी. आणि कोपऱ्यात ती काठाची पट्टी. मी ती उचलली आणि तशीच उभी राहिले. पट्टी कापलेली नव्हती, तिची गाठ सोडवली होती. आणि पट्टी नुसती टाकलेली नव्हती, तिची घट्ट, गोल गुंडाळी केलेली होती.

चोराला घाई असते. हा चोर गुंडाळी करत बसला होता. जी पट्टी परत बांधायची असते तिचीच माणूस गुंडाळी करतो.

पण हे मी तोंडातून काढलं नाही. कारण मला दुसरंही काही आठवलं होतं. खोलीला बाहेरची वाट एकच, माझ्या दुकानातून; आतला जिना फक्त वर घरात जातो. चहाच्या वेळात माझ्यासमोरून एकच माणूस बाहेर गेलं होतं, भली मोठी बॅग खांद्याला लावून. आणि त्याच्या पांढऱ्या बाहीला निळा खडू लागला होता.

३

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर नर्स पट्ट्यांचा ट्रे लावत होती. मला बघून तिनं आधी स्टूल पुढं केलं, मग नाडी बघायला हात धरला.

"मला काही झालं नाही," मी हात सोडवत म्हटलं. "बाहीला खडू कसला गं?"

तिनं बाही वळवून बघितली आणि हसली. "अय्या! मावशी, डबल ड्यूटी चालू आहे. ठमी धाकट्या आजोबांना अंगठीचं समजावत होती, तेवढ्यात टेबलावर डोकं टेकून मी पाच मिनिटं घोरले. तुमचं टेबल म्हणजे खडूची खाण आहे."

वही गेल्याचं सांगितलं तेव्हा तिचं हसू मावळलं. मी काही बोलायच्या आत तिनं बॅग ट्रेशेजारी उपडी केली. डबा, मोजे, कंगवा, बिस्किटांचा अर्धा पुडा.

"मी कशाला विचारतेय ते कळलं म्हणायचं," मी म्हटलं.

"कळलं ना. गेल्या रविवारी काठीच्या भावावरून मी भांडले होते. बरं करणारी काठी, बारा हजार मोहरा! पण रोज भरून येणारी काठी आहे, मावशी. ठमीनं समजावलं, मला पटलं." ती सामान परत भरू लागली. "आज एवढंच टोचलं की माझी काठी बारा हजार आणि आजोबांची अंगठी एक हजार. कायम बोटात घालायची, तरी एक हजार! पण जाऊ दे, मांत्रिकांचे लाड असतातच."

मी उठले. जाता जाता बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊजींना सांगू का काही? चहाच्या वेळी वर गेले होते दुपारची गोळी घ्यायला."

नर्सचा हात बॅगेतच थांबला.

"दुपारची?" ती म्हणाली. "मावशी, त्यांचा गोळ्यांचा डबा दर आठवड्याला मी भरते. दुपारचा कप्पा रिकामा असतो."

४

एका खोट्यानं माणूस चोर ठरत नाही. तसं असतं तर निम्मं गाव आत असतं आणि उरलेलं निम्मं त्यांना डबे पोचवत असतं. शिवाय घरात आणखी एक माणूस माझी नजर चुकवत होतं.

मी परतले तेव्हा सून खोलीत कपाटाला पाठ लावून उभी होती. मला बघताच तिनं दार लोटलं. पंचवीस वर्षांत माझ्यासमोर कपाट लपवलं नाही या बाईनं.

"काय आहे त्यात?"

"काही नाही, आई."

"ज्यात काही नाही ते कपाट माणूस पाठीनं दाबून धरत नाही. बाजूला हो."

तिचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला वाटतं मी घेतली? ठमीनं कचेरीत जावं म्हणून?"

"मला काही वाटत नाही. मला बघायचं आहे."

तिनं कपाटातून एक कापड काढून माझ्या हातात कोंबलं. जाड, गडद हिरवं. कापून झालेलं, एका बाजूनं टाचलेलं. टाके असे की कोंबडीनं पायानं घातले असावेत. माझी सून सगळ्यात हुशार, फक्त सुईत कच्ची.

"वहीला कव्हर," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "बाईंसमोर ते फुगलेलं बाड न्यायचं म्हणजे कसं दिसतं? कचेरीत जावं असं मला वाटतं, अजूनही वाटतं. पण ती हरून तिथं जायला नको. नर्स बाहेर पडल्यावर खण उघडून माप घेतलं मी. ठमी कप विसळत होती तेव्हा."

मी कापड उलटंपालटं केलं. माणूस खोटं बोलेल, बेतलेलं कापड खोटं बोलत नाही. पाठीसाठी दोन बोटं जागा सोडली होती. सुटी वही चार बोटं फुगते. म्हणजे सुनेनं मापली तेव्हा वही खणात होती, आणि पट्टी बांधलेली होती. त्या वेळी नर्स बाहेर पडून गेलेली होती.

"टाके उसव आणि मला दे, मी शिवते," मी म्हटलं. तिला तेवढं पुरलं. डोळे पुसून ती म्हणाली, "आई, एक सांगू? मी माप घेऊन बाहेर आले तेव्हा धाकटे आजोबा जिन्यात उभे होते. वर जात नव्हते, खाली येत नव्हते. मला म्हणाले, झालं का तुझं?"

५

कोण ते कळलं होतं. पण का, हे कळल्याशिवाय माझ्या घरात निकाल लागत नाही. तागडींनी जन्मात कुणाचा खिळा घेतला नाही. स्टोअरमधून पेन्सिल चुकून खिशात आली तर दुसऱ्या दिवशी परत करून पावती मागायचे. आणि पोरीवर जीव. तिच्या खेळात मांत्रिक व्हायला मिळावं म्हणून त्यांनी दाढी वाढवली होती. चार केस आले, तेही रुसून.

तेव्हा मला ती शांतता आठवली. कोटाचं अस्तर. अख्ख्या दुपारी मागच्या खोलीतून घासाघिशीचा एक शब्द आला नव्हता.

ठमी टेबलाखाली पाय दुमडून बसली होती. मी तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे कुरकुरले, मी लक्ष दिलं नाही.

"अंगठीचं सांग. आजोबांनी भाव कितीवर आणला?"

"नाहीच आणला," ती नाक ओढत म्हणाली. "मी हजार म्हटलं. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा चालते? मी म्हटलं, कायम, आजोबा, बोटात आहे तोवर. मग ते बराच वेळ गप्प बसले. आणि म्हणाले, बरं."

"बरं? तागडी?"

"हो."

"काय करते ती अंगठी? मला कळेल असं सांग. मी तिसरी पास आहे, मांत्रिक नाही."

तिनं सांगितलं. मांत्रिकाला दिवसाचे मंत्र मोजके. मंत्र एकदा म्हटला की तो त्या दिवसापुरता विसरायचा. पण परतवणी म्हणून एक छोटासा मंत्र असतो. तो म्हटला की विसरलेल्यांतला एक परत आठवतो. तागडींनी परतवणी घातलेली अंगठी मागितली होती. भावाची रीत ठरलेली होती. मंत्राची पायरी गुणिले कारागिराची पायरी, आणि वस्तू कायम चालणारी असेल तर त्याला गुणिले हजार. परतवणी पहिल्या पायरीचा मंत्र, कारागीरही पहिल्याच पायरीचा. एक गुणिले एक गुणिले हजार.

"आणि एक मोठा मंत्र रोज एकदा परत देणारी काठी असते तुझ्याकडे?"

"आहे ना. नऊ हजार."

मी टेबलाखालून हात वर करून मशीनची रिकामी बॉबिन काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही भरून द्यायचे मी किती घेते? जवळजवळ काहीच नाही. पण समज, मी तुला अशी बॉबिन दिली की जिचा दोरा जन्मात संपत नाही. तिचा भाव भरण्याच्या मजुरीवरून लावू का?"

ठमी बॉबिनकडे बघत राहिली.

"आजी," ती म्हणाली, "ती अंगठी घातली तर मंत्र कधीच संपणार नाहीत. कुठलाच. नऊ हजारांची काठी कोण घेईल? कुठलीच वस्तू कोण घेईल? आजी, माझी सगळी वही..."

"एक पान," मी म्हटलं. "वही म्हणू नकोस. चल, सगळ्यांना बोलावू."

६

सहा वाजता आम्ही कटिंगच्या टेबलाभोवती बसलो. नर्स ड्यूटीतून अर्धा तास सुटून आली होती. तागडी माझ्यासमोर, हात मांडीवर.

"वही कुणी नेली ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "ज्यानं नेली त्यानं पट्टीची गुंडाळी केली, कारण त्याला ती परत बांधायची होती. नर्स गेली तेव्हा वही खणात होती. सुनेनं नंतर तिचं माप घेतलं, आणि ज्या वहीला आपण कव्हर शिवतो ती आपण चोरत नाही. उरला एक माणूस, जो नसलेली गोळी घ्यायला वर गेला. आणि ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता भाव मान्य केला. भाऊजी, स्वस्त वस्तू बघून गप्प बसणारे तुम्ही नव्हे. तुम्ही गप्प बसलात, कारण तो भाव चुकीचा होता."

तागडींनी शर्टाच्या आतून वही काढून टेबलावर ठेवली.

"रात्रीत दुरुस्त करून सकाळी ठेवणार होतो," ते ठमीकडे न बघता म्हणाले. "त्या बाई आधी अंगठ्यांचंच पान उघडतील. आम्ही स्टोअरवाले तेच करायचो, सगळ्यात लहान मालाची मोजणी आधी. त्यांनी बघितलं असतं तर हसल्या असत्या पोरीला. पण खोडरबर हातात घेतला आणि जमलं नाही. तिचं अक्षर आहे ते. मी कसं पुसू?"

"मग मला सांगायचं ना आजोबा!" ठमी ओरडली. "चार वाजल्यापासून रडतेय मी!"

"ऐकलं मी, बाळा. वरपर्यंत येत होतं. पण तुझ्या आजीनं..." ते थांबले. "तो नकाशा फाडलास ना तू. त्याचे तुकडे आहेत माझ्याकडे. त्यानंतर मी ठरवलं की तुझी चूक म्हणून नाही काढायची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. तो हुकूम कुणाचा होता हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"निकाल उद्या," मी म्हटलं. उगाच घाई कशाला? "आधी काम."

ठमीनं वही उघडली, पेन्सिल घेतली आणि तागडींची खुर्ची आपल्याजवळ ओढली. तासाभरानं त्या पानाच्या वर नवी ओळ होती: घडवायला काय लागलं तो भाव एक, घालणाऱ्याचं रोज काय वाचतं तो भाव दुसरा, दोन्हींतला जो मोठा तो घ्यावा. अंगठी नव्वद हजारांवर गेली. हजार तिनं पुसले नाहीत, फक्त एक रेघ मारली. मी कव्हर शिवून टाकलं.

सोमवारी बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, चहा नको म्हणाल्या. वही हातात घेतली आणि खरंच अंगठ्यांचं पान उघडलं. रेघ मारलेल्या हजारावर बोट ठेवलं. "हे काय?"

"चूक," ठमी म्हणाली. "वस्तू कशी बनते तेवढंच बघून मी भाव लावला. घालणाऱ्याच्या बोटात ती काय करते ते बघितलं नव्हतं. माझ्या आजोबांनी पकडली."

बाईंनी चष्मा काढला. "आमच्याकडे ही चूक दोन वर्षं कुणी पकडली नव्हती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चहा मागितला. सहा महिने कामावर बघू, नंतर पक्कं करू, असं ठरलं. सुनेनं आपण होऊन कचेरीत फोन करून जागा सोडली, आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "कव्हर छान दिसलं, नाही?"

तागडी सकाळपासून जिन्यात बसून होते. वर जात नव्हते, खाली येत नव्हते. बाई गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्यामागं ठमी, सून आणि रात्रपाळी संपवून न झोपलेली नर्स.

"ऐका भाऊजी," मी म्हटलं. "मी चुका काढू नका म्हटलं होतं, चोरी करा म्हटलं नव्हतं. पण चूक काढू नका हे सांगण्यातच माझी शिवण वाकडी गेली. ती मी उसवली, पुन्हा बोलणार नाही त्यावर. तुमचा निकाल असा. दर रविवारी खेळाच्या आधी तासभर ठमीजवळ बसायचं आणि दिसतील तेवढ्या चुका काढायच्या. सगळ्यांसमोर नाही, तिच्या कानात. नकाशाचे तुकडे आणून द्यायचे, ते मी कापडावर शिवून देईन. खुर्ची जिथं होती तिथंच राहील. आणि ती अंगठी हवी असेल तर नव्वद हजार. तुम्ही माझे दीर असाल, पण या टेबलावर घरच्यांना सूट नाही."

तागडींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पंच्याऐंशी, वहिनी?"

"एक लाख," मी म्हटलं. "आणि उठा आता, जेवायला चला."